पाणी पिणारी बाग

मखमलाबादच्या शिवारात, पाटाच्या खालच्या अंगाला पाटकाठ कॉलनी आहे. तिथल्या मधल्या गल्लीत आभाळ भरून आलं, की बाकीच्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीकडे धावतात. मालनबाई विधाते मात्र गच्चीवर असल्या तरी खाली धावतात. पायात चप्पल आहे का, पदर कुठे आहे, गुडघे काय म्हणतायत, कशाचं म्हणून भान नसतं. दत्तमंदिराशेजारच्या मोकळ्या जागेपर्यंत जायचं, कठड्याला धरून उभं राहायचं आणि वरच्या रस्त्याकडे डोळे लावायचे.

“आलं का? आलं का गं?”

“आई, सोयरे येणारेत का कोणी?” सून साधना दारातून ओरडते.

“सोयरेच हायेत! आभाळातून आलेत. त्यांना दारावरनं वाटेला लावू का?”

आता हसू येतं, पण ही बाई जन्मभर पाण्याला हाकलत आलेली. कॉलनी झाली त्या जागी पूर्वी विधात्यांचा मळा होता. मालनबाई लग्न होऊन आल्या त्या थेट शेवंतीच्या वाफ्यात. शेवंती म्हणजे लाडावलेली लेक. मुळाशी पाणी थांबलं, की दुसऱ्या दिवशी मान टाकलीच. म्हणून वाफे उंच करायचे, मधून सरी काढायची, पाऊस पडला की कुदळ घेऊन पाणी बाहेर वळवायचं. पहाटे फुलं तोडून पंचवटीतल्या फुलबाजारात टोपली उतरवली, की दिवस उजाडायचा. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मळा गेला, रो-हाउस आली, मालकही गेले. मालनबाईंकडे राहिला तो हात. काठी खोचली तरी तिला पालवी फुटेल असा हात. दर गुरुवारी दत्ताच्या पायरीशी बसून हार ओवायचे, एक महाराजांना आधी वाहायचा आणि मग बाकीचे विकायचे, असा त्यांचा शिरस्ता.

कॉलनीची मधली गल्ली म्हणजे घसरगुंडीच. वर पाटाचा रस्ता, खाली हुस्नबानोंची पिठाची गिरणी. रस्ता सिमेंटचा, अंगणं फरशीची, प्रत्येक गच्चीचा पाइप गल्लीत सोडलेला. जोराचा पाऊस झाला, की सगळं पाणी हात धरून खाली पळत सुटायचं आणि गिरणीचा उंबरा ओलांडून थेट मोटरीत. मग पट्टा काढा, मोटर उचला, ती सुकवा, गव्हाची पोती पालथी करा. गिऱ्हाइकांचे डबे तरंगताना बघून हुस्नबानो कपाळावर हात मारायच्या. त्यांचे मालक इब्राहिमभाई पिंपळगावच्या पॅकहाउसवर टेम्पो चालवायचे. द्राक्षांच्या हंगामात ते घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. म्हणजे गिरणी बाईच्या एकटीच्या जिवावर.

एका वर्षी पाणी आलं तेव्हा हुस्नबानोंनी सांगून टाकलं, “मालनताई, बस झालं आता. मालेगावला भाईजानने दुकान बघून ठेवलंय. अजून एकदा पाणी शिरलं, की मी गिरणी उचलली म्हणून समजा.”

मालनबाई तिथेच पायरीवर टेकल्या. त्यांचे मालक गेले तेव्हा सुतकाच्या दिवसांत घरातला पिठाचा डबा या बाईने रिकामा होऊ दिला नव्हता. दारात येऊन न बोलता डबा ठेवायची आणि न बोलता जायची. अशी माणसं काय बाजारात मिळतात?

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर कॉलनीचे सेक्रेटरी समर्थ यांनी बैठक बोलावली. माणूस कामसू, पण जे काम दिसेल ते सिमेंटने करायचं अशी रीत. मंदिराशेजारची मोकळी जागा गाजरगवताने भरली होती, तिथे ब्लॉक बसवून टाकू, गाड्या लावायला होईल, असा त्यांचा बेत. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून रोहिणी उठली. रोहिणी म्हणजे पलीकडच्या घरातली सून. बागांचे आराखडे काढायचं तिचं शिक्षण आणि तेच तिचं काम.

“दादा, ब्लॉक बसवले तर आत्ता जेवढं पाणी तिथे मुरतं, तेवढंही खाली जाईल. गिरणीत अजून पाणी. त्यापेक्षा ती जागा खोल करू या. बशीसारखी. रस्त्याचं पाणी आत घेऊ, त्यात झाडं लावू. पाणी तिथे थांबेल, झिरपेल आणि मग जाईल.”

“खड्ड्यात बाग?” हे समर्थ नाही बोलले, मालनबाई बोलल्या, आणि चांगल्या खणखणीत आवाजात. “बाई, तू शिकलेली हायेस, पण माझा जन्म गेलाय फुलांत. बाग उंचावर असती. खड्ड्यात झाड लावलं की सडलंच ते!”

“काकू, शेवंती सडेल. कर्दळ सडेल का?”

मालनबाईंनी मांडीवरच्या परडीतलं फूल नुसतंच उचललं. कर्दळ कशाची सडते? ती तर मोरीच्या पाण्यावर माजते.

“आणि वाळा? वेखंड? अळू?” रोहिणी हसत हसत एकेक नाव घ्यायला लागली, तशी मालनबाईंच्या डोळ्यांपुढे जुना मळा उभा राहिला. मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक खोलगट लवण होतं. पावसाळ्यात सगळ्या वाफ्यांतून काढून दिलेलं पाणी तिथे जमायचं. लव्हाळा माजायचा, केना पसरायचा आणि दोन दिवसांत लवण कोरडं. शेजारच्या विहिरीला मात्र उन्हाळ्यातही पाणी असायचं. सासरे म्हणायचे, ‘ते लवण मळ्याचं पोट हाय.’ कॉलनी झाली तेव्हा पहिल्याच दिवशी ते मुरूम टाकून बुजवलं होतं.

मालनबाई अशा उठल्या की मांडीवरची परडी कलंडली. “अगं, मग तू पोट म्हण ना! बशी बशी काय करतेस! समर्थभाऊ, नाय बसवायचे ब्लॉक. आपल्याला पोटच नाय ऱ्हायलं, म्हणून पाणी गिरणीत जातंय!”

बैठकीत जो हशा उठला तो उठला. समर्थही हसले, पण कामसू माणसाने पाय पुरता मागे घेतला नाही. “ठीक आहे. दिवाळीपर्यंत करून बघा. पण गिरणीत पाणी शिरलं, तर खड्डा बुजवून ब्लॉक. मग मला कुणी काही बोलायचं नाही.”

“मंजूर!” मालनबाई म्हणाल्या, आणि त्याच पावली गिरणीत गेल्या. “हुस्नभाभी, यंदा तुझ्या उंबऱ्याला पाणी लागायचं नाय. माझा शब्द हाय. मालेगावचं तेवढं थांबव.”

शब्द तर दिला. आता तो पाळायचा होता.

उन्हाळाभर जागेवर गडबड. वरची काळी माती निघाली. ती ओली झाली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही, म्हणून तिच्यात वाळू, बारीक मुरूम आणि शेणखत मिसळायचं, असं रोहिणीने सांगितलं. शेणखत किती, ते मालनबाईंनी मुठीत माती दाबून ठरवलं. रस्त्याच्या कडेचा कठडा एका जागी फोडून पाण्याला दार केलं आणि दारात गोटे रचले, म्हणजे पाणी धावत आलं तरी आत चालत जावं. खोलगट तळाशी वेखंड आणि अळू, उतारावर कर्दळ आणि वाळा, वरच्या कोरड्या कडेला गवती चहा, आणि मालनबाईंच्या हट्टाखातर झेंडू. “महाराजांच्या शेजारी बाग आणि तिच्यात हाराला फूल नाय? लोक काय म्हणतील?”

पावसाळा लागला. पहिल्या दोन-चार सरींत बागेने पाणी नुसतं चाखलं. मग आषाढात एक दिवस असा धो धो कोसळला, की सगळी गल्ली छत्र्या घेऊन मंदिराच्या ओट्यावर जमली. वरून पाणी आलं. पान-पाचोळा, कुणाची चप्पल, कुणाचं दुधाचं पाकीट, सगळं घेऊन आलं. दारापाशी वळलं. गोट्यांवर आपटलं, पांढरा फेस झाला आणि गुमान आत शिरलं! कर्दळीच्या गुडघ्याला लागलं. मांडीला लागलं. आणि थांबलं.

“थांबलं! थांबलं! भाभी, बघ की!” मालनबाईंनी हुस्नबानोंना असं गदागदा हलवलं, की त्यांची छत्री उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघावं तर बागेत पाण्याचा टिपूस नाही. माती ओलीगार, वेखंड ताठ, आणि हुस्नबानोंच्या गिरणीत उंबऱ्याआत कोरडी फरशी. रोहिणी म्हणाली, “एका दिवसात पाणी गेलं पाहिजे, काकू. ही तिची परीक्षा. थांबलं तर काहीतरी चुकलं समजायचं.”

श्रावण असाच आनंदात गेला. मालनबाईंची मान एवढी ताठ झाली, की हार ओवतानाही खाली होईना. ओझरहून त्यांची बहीण आली तर चहाच्या आधी बाग. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस आला तर त्यालाही बाग. साधना म्हणायची, “आई, आता तिकीट लावा.”

आणि मग गणपती आले.

कॉलनीत बरीच वर्षं शाडूचेच गणपती बसतात. विसर्जनाला गोदेवर, म्हणजे नाशिककरांच्या गंगेवर जायचं, तर केवढी गर्दी, लहान पोरं, म्हातारी माणसं, पावसाची रिपरिप. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या सकाळी चांगला पाऊस झाला होता आणि बाग काठोकाठ भरली होती. हळदी-कुंकवाचं ताट घेऊन कुणी तरी मालनबाईंना म्हणालं, “काकू, एवढं निर्मळ पाणी दारात असताना गंगेवर कशाला जायचं?”

रोहिणी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला कोल्हापूरला गेली होती. नसती गेली तरी तिला कुणी विचारलं असतं असं नाही. विसर्जन कुठे करायचं हे काय आराखडा काढणाऱ्या मुलीला विचारतात? मालनबाईंना तर उलट भरून आलं. आपण लावलेल्या बागेत बाप्पा जाणार! शाडू म्हणजे मातीच की. माती मातीत जाईल, झाडांच्या अंगी लागेल. याहून पवित्र ते काय?

काय तो सोहळा झाला म्हणता! घरोघरचे गणपती लाकडी पाटांवर बसून निघाले, मंदिरापुढे आरती झाली, पोरांनी झांजा कुटल्या, समर्थांनी सोसायटीचा स्पीकर लावला, हुस्नबानोंनी सगळ्यांना गुळाचं सरबत दिलं. एकेक मूर्ती कर्दळींच्या मधून पाण्यात उतरली. “पुढच्या वर्षी लवकर या!” म्हणताना मालनबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पाणी दुधाळ झालं, लाल फुलं त्यावर तरंगायला लागली. असं रूप त्या बागेला कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी तसंच. मालनबाई म्हणाल्या, “बाप्पांचा पाय निघत नसंल.”

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. पितृपक्ष लागून चांगले तीन-चार दिवस झाले तरी पाणी हलेना. वर हिरवट साय धरली, वास सुटला, संध्याकाळी डासांचे थवे. समर्थ रुमाल नाकाला लावून आले. “मालनकाकू, हे पोट बिघडलंय बरं का तुमचं. डासांचं तळं झालंय. सगळे माझ्या दारात येतायत.”

त्यातच मोबाइलवर बातमी फिरली. परतीचा पाऊस जोरात येणार, आठवडाअखेर मोठा तडाखा. बाग आधीच भरलेली. नवं पाणी आलं, तर ते बागेच्या डोक्यावरून सरळ गिरणीत जाणार, हे लहान पोरालाही कळत होतं.

हुस्नबानोंनी गिरणीत आवराआवर सुरू केली. मालनबाई दळणाला गेल्या, तेव्हा त्या गव्हाची पोती एकेक करून विटांवर चढवत होत्या. मोटरीखाली टेबल सरकवत होत्या.

“भाभी, अगं…”

“ताई, तुम्ही काय, मी काय. पाण्याला कोण बोलणार?” त्या हसल्या. पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून हळूच म्हणाल्या, “नवरात्राच्या आधी उपासाच्या भाजणीचा दिवस असतो आपला. जातं धुऊन, सगळं पुसून, फक्त राजगिरा आणि वरई. सगळ्या बाया माझ्याकडेच देतात. तेवढं करून जावं असं मनात होतं.”

म्हणजे हिने मनातून सामान बांधलंच! मालनबाईंना दळणाचा डबाही जड झाला. तशाच त्या मंदिरापाशी गेल्या, महाराजांपुढे क्षणभर उभ्या राहिल्या. मागितलं काही नाही. फक्त म्हणाल्या, “काय चुकलं, तेवढं दाखव.” मग पदर खोचला आणि सरळ त्या वासाच्या पाण्यात उतरल्या.

पाऊल टेकलं आणि सुर्रकन घसरलं. कर्दळीला धरलं म्हणून वाचल्या. खाली हात घालून बघतात, तर काय! माती हाताला लागेचना. लागला तो गुळगुळीत थर. साबणाच्या वडीसारखा, नव्याने सारवलेल्या चुलीसारखा. बोट खुपसलं तर पेरभर खाली लगेच मोकळी, भुसभुशीत माती. तिच्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं!

“अगं बाई! अगं बाई! बाप्पाच बसलेत तोंडावर!”

तिथूनच, पाण्यात उभं राहून, धावत आलेल्या साधनाच्या फोनवरून कोल्हापूरला फोन. पलीकडून रोहिणीने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. “काकू, शाडू म्हणजे माती खरी, पण पिठासारखी बारीक. पाण्यात विरघळली, तळाला बसली आणि सगळी भोकं लिंपून टाकली. रांजणाला आतून मेण लावल्यासारखं झालंय. तो थर निघाला पाहिजे. खाली काही बिघडलेलं नाही.”

“निघंल की! आत्ता काढते!” मालनबाईंना जो हुरूप आला तो आला. रोग सापडला म्हणजे निम्मा बरा झाला.

पण निम्माच. पाणी उपसायला सगळी गल्ली बादल्या घेऊन आली, ते पाणी मंदिरामागच्या झाडांना गेलं. तळ उघडा पडला. राखाडी, चकचकीत, कुठे कुठे बाप्पांच्या मुकुटाची कोर, कुठे सोंडेचा वेढा. समर्थांनी फावडं आणून दिलं आणि कुणी ते हातात घेईना.

“बाप्पांवर फावडं कसं मारायचं?”

“पितृपक्षात असलं काही नको बाई.”

“मारू आणि टाकू कुठे? कचऱ्याच्या गाडीत?”

समर्थांनी फावडं या हातातून त्या हातात केलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तेही श्रद्धेचे. त्यांच्या घरचे बाप्पाही त्यातच होते. वर आभाळ मात्र त्र्यंबकच्या बाजूने काळं होत चाललं होतं.

मालनबाई चिखलाच्या कडेला उकिडव्या बसल्या. त्यांनाही फावडं उचलवत नव्हतं. मग त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “देवा, तुला निरोप दिलाय. ‘पुढच्या वर्षी या’ म्हटलंय. म्हणजे तू गेलास. मागं ऱ्हायली ती तुझी ओली माती. देवाला आंघोळ घालताना आपण त्याला हात लावतोच ना? तसा लावतो. फावडं नको कुणाला. हातानं काढायचं.”

आणि दोन्ही हातांनी पहिला थर उचलला. भाकरीसारखा निघाला तो, अख्खा! त्यांनी तो घमेल्यात अलगद ठेवला.

“ह्ये टाकायचं नाय. वाळवायचं. पुढल्या वर्षी पोरं ह्याचेच गणपती करतील.”

एवढं ऐकलं आणि बायकांच्या अंगात वारं शिरलं. चपलांचा ढीग पडला. साधना उतरली, मागच्या गल्लीतल्या दोघी उतरल्या. “या गं, थापट्या करायला!” “तुझी भाकरी फाटली बघ, सासूबाई बघतायत!” “अगं, हा आमचाच बाप्पा, याचा उंदीर मी ओळखते!” हसण्याचा नुसता कल्लोळ. हुस्नबानो काठावर थांबल्या होत्या. उतरावं की नाही, देवाच्या मातीला हात लावावा की नाही, कळेना.

“बघतेस काय, भाभी? कणीक तुझ्याइतकी कुणाला कळती?”

“मी… चालेल?”

“सरबत चाललं, मग हे नाय का चालणार? ये!”

हुस्नबानोंनी ओढणी कमरेला बांधली आणि आल्या. आल्या त्या गिरणीतली रिकामी धुतलेली पोती घेऊनच. त्यांच्यावर त्या राखाडी भाकऱ्या पसरून मंदिराच्या पत्र्याखाली वाळत घातल्या. समर्थांनी आधी नुसत्या सूचना केल्या, मग पँट दुमडली, मग घसरून बसले ते चिखलातच बसले. त्या दिवसापासून त्यांना कुणी सेक्रेटरी म्हणून घाबरलं नाही.

थर निघाला. मालनबाईंनी खुरप्याने माती हलकेच उकरली, वेखंडाच्या मुळ्या मोकळ्या केल्या, वर वाळका पाला पसरला. हात धुऊन बघतात तो टप्, टप्, टप्.

“आला!”

आला कसला, कोसळलाच. अशी सर, की समोरचं मंदिर दिसेना. पाटाच्या रस्त्यावरून पाण्याचा लोंढा निघाला, तो गल्लीभर पसरून. सगळ्याजणी ओट्यावर दाटीवाटीने उभ्या. हुस्नबानोंची नजर बागेकडे नव्हती, खाली गिरणीच्या उंबऱ्याकडे होती.

पाणी दाराशी आलं आणि वळेना! सरळ पुढे निघालं!

“दार तुंबलं!” मालनबाई ओरडल्या आणि धावल्या. गोट्यांत विसर्जनाच्या हारांचा, नारळाच्या शेंड्यांचा बोळा बसला होता. त्यांनी दोन्ही हात घातले, ओढलं, येईना. तेवढ्यात शेजारी धप्पकन कुणी तरी बसलं. समर्थ. चिखलाचे हात पुन्हा चिखलात. “काकू, एकदम! एक, दोन…” बोळा निघाला तो दोघांना मागे आपटूनच, आणि पाणी असं आत शिरलं, जसं वासरू गोठ्यात शिरतं.

बाग भरायला लागली. तळ गेला, अळूची पानं बुडाली, कर्दळ कमरेइतक्या पाण्यात डोलायला लागली. वाळ्याची पाती वाकली, उठली, वाकली. आता काठाला आलं. आता काठावर चढलं. गिरणीकडे एक बारीक धार सुटली. फक्त धार. उंबऱ्याशी जाऊन घुटमळली आणि गटाराच्या वाटेला लागली.

“पितेय!” मालनबाई चिंब भिजून, केसांत पाला, ओरडत होत्या. “बघा, बघा, बुडबुडे बघा! पाणी पितेय ती!”

खरंच, पाण्यावर जागोजागी बुडबुडे येत होते. खालची कोरडी माती श्वास टाकत होती आणि पाणी आत घेत होती. वरून पाऊस ओततोय आणि पाणी काठाच्या वर काही चढत नाही. ओट्यावरून टाळ्या सुरू झाल्या. कुणी तरी “गणपती बाप्पा” म्हटलं आणि “मोरया” असा दणका उठला, की पावसाचा आवाज ऐकू येईना.

पाऊस थांबल्यावर सगळी वरात गिरणीत. फरशी कोरडी. हुस्नबानोंनी खाली बसून हात फिरवून बघितला, मग तळहात सगळ्यांना दाखवला. हाताला फक्त पीठ लागलं होतं. त्यांचा फोन वाजत होता, मालेगावहून भाऊ. त्यांनी स्पीकरवरच उचलला.

“आपा, नाशकात फार पाऊस आहे म्हणे. सामान कधी आणायचं? टेम्पो पाठवू का?”

“टेम्पो घरचाच आहे, भाईजान,” हुस्नबानो म्हणाल्या. आवाज भरून आला होता आणि हसतही होता. “तो तिकडे यायचा नाही. मला वेळ नाही. जातं धुवायचंय.”

फोन ठेवला आणि मोटरीखालचं टेबल ओढायला लागल्या. साधनाने दुसरं टोक धरलं. पोती विटांवरून उतरली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गिरणीसमोर डब्यांची रांग पार मंदिरापर्यंत लागली होती. राजगिऱ्याचा खमंग वास गल्लीभर. मालनबाईंचा नंबर आला, तशा हुस्नबानो म्हणाल्या, “ताई, तुमचं आधीच दळून ठेवलंय. पण एक काम आहे. खालच्या गल्लीतल्या बाया आल्यात. म्हणतात, आमच्याकडे पण असं पोट करून द्या.”

मालनबाईंनी वळून बघितलं. रांगेच्या शेवटी चौघी-पाचजणी डबे सांभाळत, थोड्या लाजत उभ्या होत्या. मालनबाईंनी पिठाचा डबा तिथेच पायरीवर ठेवला, पदर खोचला आणि त्यांच्याकडे निघाल्या.

“देते की! पण आधी एक सांगा बायांनो, तुमचे गणपती कुठं बुडवता?”